लाइपझिगची गुरुवारची मैफल



मी जन्मभर शाळेंत इतिहास आणि भूगोल शिकविला. संगीतशास्त्रांत माझा अधिकार नाहीं, हें आरंभींच कबूल करतों. तरीहि आज एका परदेशी वाद्यवृंदाविषयीं बोलण्याचें धाडस करीत आहें, त्याचें कारण एक जुनी बाकी आहे.

सन १९८९ च्या नोव्हेंबरांत बर्लिनची भिंत पडल्याची बातमी आली, तेव्हां मी एका तालुक्याच्या गांवीं शिकवीत होतों. दुसऱ्या दिवशीं फळ्यावर जर्मनीचा नकाशा काढून मीं ती घटना मुलांना समजावून सांगितली. बर्लिन, बॉन, मॉस्को, वॉशिंग्टन, सगळीं नांवें घेतलीं. परंतु लाइपझिग हें नांव त्या तासाला माझ्या तोंडून निघालें नाहीं. कारण उघड आहे: तें मलाच ठाऊक नव्हतें. पुढें वाचनांत कळून आलें कीं, भिंत पडण्यापूर्वीं बरोबर एक महिना त्या शहरांत एक फार कठीण सायंकाळ येऊन गेली होती, आणि त्या सायंकाळीं ज्या माणसाचा आवाज रस्त्यारस्त्यांतून ऐकूं आला, तो राजकारणी नव्हता. तो तेथील वाद्यवृंदाचा संचालक होता. ती अर्धी राहिलेली गोष्ट आज पुरी करावी, एवढाच माझा हेतु.

हंगाम हा शब्द आपण आंब्याला लावतों, उसाच्या गाळपाला लावतों, फार तर लग्नसराईला लावतों. युरोपांतील मोठ्या शहरांत मैफलींचाहि हंगाम असतो. पावसाळा संपून आपल्याकडे दसऱ्याची चाहूल लागते, साधारण त्याच सुमारास तिकडे वाद्यवृंदांचे दरवाजे उघडतात, आणि हा क्रम दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यापर्यंत चालतो. कोणत्या दिवशीं कोणती रचना वाजणार, संचालक कोण, हें सारें कित्येक महिने आधीं छापून प्रसिद्ध होतें. पत्रक हातीं पडतांच जुने वर्गणीदार आपापल्या जागा राखून ठेवतात. म्हणजे एक सूरहि कानीं पडण्यापूर्वीं श्रोता पैसे मोजतो, आणि एक पैहि पुढें मिळेल कीं नाहीं याची चिंता न करतां वादक तालमीला बसतो. दोघांमध्यें एक प्रकारचा करारच होतो म्हणाना. हा करार जगांत जेथें फार जुन्या काळापासून चालत आलेला आहे, अशा ठिकाणांपैकीं लाइपझिग हें एक प्रमुख ठिकाण होय.

पुढें जाण्यापूर्वीं वाद्यवृंद म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. आपल्या मैफलींत एक गायक, साथीला तबला, पेटी किंवा सारंगी आणि मागें दोन तंबोरे एवढा संसार पुरतो. राग ठरलेला, परंतु त्याचा विस्तार त्या घटकेला सुचेल तसा. सिंफनी वाजविणाऱ्या वृंदांत मात्र साठ-सत्तरपासून शंभरपर्यंत वादक असतात. पुढें व्हायोलिन, व्हायोला, चेलो यांसारखीं तारवाद्यें, त्यांच्या मागें बासरी, ओबो, क्लॅरिनेट, त्यांच्यामागें पितळी तुताऱ्या, आणि सर्वांत शेवटीं नगाऱ्यासारखीं चर्मवाद्यें. प्रत्येकाच्या पुढें स्वरलिपीचा कागद असतो, आणि त्यावर लिहिल्यावांचून कोणी एक स्वर काढीत नाहीं. या सर्वांस एका लयींत बांधून ठेवणारा संचालक स्वतः एकहि वाद्य वाजवीत नाहीं. त्याच्या हातांत केवळ एक बारीक काठी असते. सिंफनी म्हणजे अशा वृंदासाठीं रचलेली, बहुधा चार भागांची, अर्धा ते एक तास चालणारी रचना.

आतां लाइपझिगकडे वळूं. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतांतील हें शहर राजधानीचें नव्हे. राजा राहत असे ड्रेस्डेनला. लाइपझिग हें व्यापाऱ्यांचें, छापखान्यांचें आणि विद्यापीठाचें गांव. नाताळानंतर, ईस्टरच्या सुमारास आणि शरद ऋतूंत अशा वर्षांतून तीन मोठ्या जत्रा येथें भरत, आणि दूरदूरचे व्यापारी कातडीं, कापड व पुस्तकें घेऊन येत. याच गांवांत सेंट टॉमसच्या देवळाचे संगीतप्रमुख म्हणून योहान सेबास्टियन बाख यांनीं १७२३ पासून १७५० पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, नोकरी केली. हे बाख आठवड्याचे दिवस देवळासाठीं राबत, आणि १७२९ पासून विद्यार्थ्यांच्या एका वादकमंडळाचेंहि संचालन करीत. हें मंडळ त्सिमरमान नांवाच्या गृहस्थाच्या कॉफीगृहांत वाजवीत असे. कॉफीचा पेला पुढें घेऊन बाखचें संगीत ऐकणारे ते नागरिक पाहिले म्हणजे कळून येतें कीं, राजाच्या दरबाराबाहेर आणि देवळाच्या भिंतींबाहेर संगीताला तिसरी जागा या गांवानें आधींच शोधून ठेवली होती.

त्या तिसऱ्या जागेला रीतसर रूप आलें तें ११ मार्च १७४३ रोजीं. त्या दिवशीं शहरांतील सोळा मंडळींनीं, कांहीं सरदार आणि कांहीं व्यापारी, मिळून मैफलींची एक संस्था काढली. सोळा आश्रयदाते, आणि वाजविणारेहि सोळाच. तिचें नांव ठेवलें ‘मोठी मैफल’. आरंभीं ती एका घरांत भरे. पुढल्या वर्षीं ‘तीन हंस’ नांवाच्या खाणावळीच्या दिवाणखान्यांत गेली. बैठक गुरुवारीं, आणि हंगाम शरद ऋतूच्या जत्रेपासून ईस्टरपर्यंत. व्यापाऱ्यांनीं काढलेल्या मैफलीला व्यापाऱ्यांचेंच पंचांग लागू झालें, यांत नवल नाहीं.

पुढें १७५६ मध्यें सप्तवार्षिक युद्ध पेटलें, प्रशियाच्या फौजा शहरांत शिरल्या, आणि मैफली बंद पडल्या. १७६३ मध्यें तह होतांच योहान आडाम हिलर यांनीं त्या पुन्हा उभ्या केल्या. बंद पडलेला क्रम शांति होतांच पहिल्यानें हातीं घ्यावयाचा, ही या संस्थेची खोड तेव्हांपासूनची. खाणावळ अपुरी पडूं लागल्यावर नगराधिकाऱ्यांनीं कापडविक्याच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारतींत, वरच्या मजल्यावर माळ्याच्या जागीं, एक लांकडी सभागृह बांधून दिलें. २५ नोव्हेंबर १७८१ रोजीं तें उघडलें. जर्मन भाषेंत कापडाच्या इमारतीला ‘गेवांटहाउस’ म्हणतात, आणि तेंच नांव त्या वृंदाला कायमचें चिकटलें. आज तेथें कापडाचा वार कोणी मापीत नाहीं, परंतु जगप्रसिद्ध वृंदाचें नांव अजूनहि ‘कापडघर’ असेंच आहे. सुमारें पांचशें माणसें मावतील एवढें तें सभागृह. खुर्च्या भिंतींना समांतर मांडलेल्या असत, त्यामुळें श्रोते वादकांकडे तोंड करून न बसतां समोरासमोर बसत. एकमेकांचे चेहरे पाहत ऐकावयाचें, अशी ती रचना होती.

त्या माळ्यावर काय काय वाजलें, याची यादी थक्क करणारी आहे. मोत्सार्ट यांनीं १२ मे १७८९ रोजीं तेथें मैफल केली. वाहवा पुष्कळ मिळाली, गल्ला मात्र बेताचाच. बेथोव्हनच्या पियानोसाठीं लिहिलेल्या पांचव्या कन्चेर्तोचा पहिला जाहीर प्रयोग २८ नोव्हेंबर १८११ रोजीं तेथेंच झाला. १८२५-२६ च्या हंगामांत बेथोव्हनच्या नऊहि सिंफनी या वृंदानें ओळीनें वाजविल्या. त्या वेळीं ते स्वतः व्हिएन्नांत हयात होते, आणि पूर्ण बहिरे झालेले होते.

आणि मग १८३५ मध्यें, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, फेलिक्स मेंडेलसोन त्या वृंदाचे प्रमुख होऊन आले. तोंपर्यंत सिंफनी वाजतांना पहिला व्हायोलिनवादक बसल्या जागेवरून इतरांना इशारा देई. मेंडेलसोन हातांत काठी घेऊन सर्वांसमोर उभे राहिले. त्यांनीं नगरसभेकडे खटपट करून वादकांचे पगार वाढवून घेतले. १८४३ मध्यें संगीताची पाठशाळा काढली. परंतु माझ्यासारख्या मास्तराला त्यांचें सर्वांत मोठें काम वाटतें तें निराळें. त्या काळीं मैफलींत बहुधा हयात रचनाकारांचीच कृति वाजे. माणूस गेला कीं त्याच्या वह्या कपाटांत पडत. मेंडेलसोन यांनीं १८३८ मध्यें ‘ऐतिहासिक मैफलीं’ची माळ सुरू केली आणि बाख, हेंडेल, हायडन यांना क्रमानें श्रोत्यांपुढें आणलें. श्रोत्याला त्यांनीं इतिहासाच्या वर्गांत बसविलें, आणि त्याला कंटाळा येऊं दिला नाहीं!

याच सुमाराची एक गोष्ट. शुबर्ट हा रचनाकार १८२८ मध्यें अवघ्या एकतिसाव्या वर्षीं वारला. दहा वर्षांनीं रॉबर्ट शुमान व्हिएन्नाला गेले असतां शुबर्टच्या भावाच्या घरीं त्यांना हस्तलिखितांचा ढीग दिसला, आणि त्यांत एक प्रचंड सिंफनी निघाली. ती त्यांनीं लाइपझिगला धाडली, आणि २१ मार्च १८३९ रोजीं मेंडेलसोन यांनीं ती गेवांटहाउसमध्यें वाजविली. रचणाराच्या मरणानंतर अकराव्या वर्षीं जगाला ती ऐकूं आली. नियमित हंगाम, तयार वृंद आणि विश्वास ठेवणारे वर्गणीदार हे तिन्ही एके ठिकाणीं नसते, तर त्या कागदांना वाळवीच लागावयाची!

मेंडेलसोन १८४७ मध्यें अडतिसाव्या वर्षीं वारले. १८८४ मध्यें वृंदासाठीं नवी भव्य वास्तु उभी राहिली, आणि १८९२ मध्यें तिच्यासमोर मेंडेलसोन यांचा पुतळा बसविण्यांत आला. येथवरची कथा उत्कर्षाची आहे. परंतु तिच्यांत एक उणीव होती. वर्गणीदार म्हणजे सुखवस्तु घरचीं माणसें; गिरणींत वा छापखान्यांत राबणाराला तेथें जागा कोठली? पहिलें महायुद्ध संपल्यावर, ३१ डिसेंबर १९१८ च्या रात्रीं, शहरांतील कामगारांच्या शिक्षणसंस्थेनें एक मैफल योजिली. संचालक होते गेवांटहाउसचे आर्थर निकिश, आणि रचना बेथोव्हनची नववी सिंफनी. रात्रीं अकराला आरंभ करावयाचा, म्हणजे माणसामाणसांतील बंधुत्वाचें गाणें असलेला शेवटचा भाग ऐन मध्यरात्रीं, नव्या वर्षाच्या पहिल्या घटकेस सुरू व्हावा, अशी योजना होती. वर्षाअखेर ही सिंफनी ऐकण्याचा जो प्रघात आज कित्येक देशांत दिसतो, त्याचें एक मूळ या कामगारांच्या रात्रींत आहे.

बंधुत्वाचें तें गाणें ऐकलेल्या त्याच शहरानें पंधरा वर्षांच्या आंत काय पाहिलें, तेंहि सांगितलें पाहिजे. मार्च १९३३ मध्यें वृंदाचे तेव्हांचे प्रमुख ब्रूनो वाल्टर यांची जाहीर झालेली मैफल नाझी अधिकाऱ्यांनीं होऊं दिली नाहीं, कारण ते ज्यू होते. त्यांना देश सोडावा लागला. मेंडेलसोन यांना जाऊन शंभर वर्षें होत आलीं होतीं, आणि त्यांना लहानपणींच ख्रिस्ती धर्माची दीक्षा मिळालेली होती. तरी त्यांचा जन्म ज्यू कुळांतला, हें नाझींच्या दृष्टीनें पुरेसें झालें. नोव्हेंबर १९३६ मध्यें नगराध्यक्ष कार्ल ग्योर्डेलर बाहेरगांवीं गेले असतां त्यांच्या दुय्यमानें रातोरात पुतळा उखडून टाकला. त्याच सुमारास इंग्लंडचे सर टॉमस बीचम आपला लंडनचा वृंद घेऊन लाइपझिगला आलेले होते. पुतळ्याला पुष्पचक्र वाहावें म्हणून मंडळी गेली, तों जागा रिकामी! पुतळा पुन्हा बसवा, असा ग्योर्डेलर यांनीं आग्रह धरला. तो चालेना, तेव्हां त्यांनीं अधिकारपद सोडलें. पुढें हिटलरविरुद्धच्या कटांत सांपडून १९४५ च्या फेब्रुवारींत ते फांसावर गेले.

मैफली मात्र चालूच राहिल्या. हें वाक्य उच्चारतांना मला संकोच वाटतो. वृंद तोच, सभागृह तेंच, गुरुवार तोच. परंतु ज्यानें वृंद घडविला त्याची एकहि रचना पत्रकावर नाहीं, आणि शेजारची जी ज्यू कुटुंबें वर्षानुवर्षें वर्गणीदार होतीं त्यांच्या खुर्च्यांवर दुसरे बसलेले. उत्तम संगीत ऐकल्यानें माणूस आपोआप सज्जन होतो, असें कोणी म्हणूं लागला, तर त्याला ही रिकामी जागा दाखवावी. कला माणसाला शिकवूं शकते. शिकावयाचें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानेंच ठरवावयाचें असतें.

पुढें डिसेंबर १९४३ आणि फेब्रुवारी १९४४ मधील बाँबहल्ल्यांत ती भव्य वास्तुहि जळाली. युद्धानंतर शहर पूर्व जर्मनींत, साम्यवादी राजवटींत गेलें. वृंदाला घर नव्हतें. प्राणिसंग्रहालयाशेजारच्या एका सभागृहांत त्यानें पस्तीस वर्षें दिवस काढले. १९७० मध्यें कुर्ट मासूर प्रमुख झाले. त्यांनीं सरकारच्या मागें लागून नवें गेवांटहाउस बांधून घेतलें, आणि ८ ऑक्टोबर १९८१ रोजीं, पहिलें सभागृह उघडल्याच्या दोनशेंव्या वर्षीं, तिसऱ्या वास्तूचे दरवाजे उघडले. तिच्यांत सुमारें एकोणीसशें श्रोते बसतात.

आतां येतों त्या सायंकाळीकडे. १९८९ च्या त्या वर्षीं लाइपझिगच्या सेंट निकोलसच्या देवळांत दर सोमवारीं शांतीची प्रार्थना होई, आणि नंतर लोक रस्त्यावर येत. दर सोमवारीं संख्या वाढत होती. ९ ऑक्टोबरच्या सोमवारीं सरकारनें सशस्त्र पोलीस आणि सैनिक जमविले. इस्पितळांत जादा रक्ताची तयारी ठेवल्याचें लोक बोलत होते. चारच महिन्यांपूर्वीं बीजिंगच्या चौकांत काय घडलें, तें सर्वांना ठाऊक होतें. घरोघर आईबाप मुलांना सांगत होते कीं, आज गांवांत जाऊं नका.

त्या दुपारीं मासूर यांच्या घरीं सहा माणसें जमलीं: स्वतः मासूर, एक धर्मशास्त्राचे अध्यापक, एक विनोदी नट, आणि सत्तारूढ पक्षाचे तीन जिल्हाचिटणीस. त्यांनीं मिळून एक छोटेंसें निवेदन लिहिलें. देशाच्या भवितव्याविषयीं मोकळेपणानें बोलण्याची गरज आहे, तशी बोलणीं व्हावींत म्हणून आम्ही खटपट करूं, आणि तोंवर सर्वांनीं विवेक राखावा, असा त्याचा आशय. तें मासूर यांनीं आपल्या आवाजांत वाचलें, आणि नभोवाणीवरून व चौकाचौकांतील ध्वनिक्षेपकांवरून तें शहरभर ऐकविण्यांत आलें. त्या सायंकाळीं सुमारें सत्तर हजार लोक रस्त्यावर होते. एकहि गोळी सुटली नाहीं, एकहि कांच फुटली नाहीं. बरोबर एक महिन्यानें, ९ नोव्हेंबरला, बर्लिनची भिंत उघडली.

मासूर यांच्या एकट्या आवाजानें रक्तपात टळला, असें मी म्हणणार नाहीं. इतिहास शिकविणारानें एकाच माणसाच्या गळ्यांत सारी माळ घालूं नये. सत्तर हजारांचा संयम, देवळांतील वर्षानुवर्षांची प्रार्थना, आणि गोळीबाराचा स्पष्ट हुकूम देण्यास कचरलेले अधिकारी, या साऱ्यांचा वांटा आहे. तरीहि एक प्रश्न उरतो. त्या घटकेला सरकारवर लोकांचा विश्वास नव्हता, आणि लोकांवर सरकारचा नव्हता. मग दोघांनींहि ऐकून घ्यावें असा आवाज वाद्यवृंदाच्या प्रमुखाचा कां निघावा?

मला याचें उत्तर गुरुवारांत सांपडतें. पत्रकांत छापलें तें वाजविलें, ठरल्या वेळीं वाजविलें, चांगलें वाजविलें. असे शेंकडों गुरुवार एकावर एक रचले गेले, म्हणजे लोकांच्या मनांत एक ठेव जमते. ही ठेव जाहिरातीनें जमत नाहीं आणि हुकुमानेंहि नाहीं. १९३६ मध्यें ती ठेव हातीं असून कोणी खर्चिली नाहीं. १९८९ मध्यें एका माणसानें ती सारी एका सायंकाळीं मोकळी केली. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आंतच गेवांटहाउसचें सभागृह नागरिकांच्या जाहीर चर्चांसाठीं उघडण्यांत आलें. मेंडेलसोन यांच्या पुतळ्याची प्रतिकृतिहि २००८ मध्यें सेंट टॉमसच्या देवळासमोर उभी राहिली. मासूर २०१५ मध्यें वारले. वृंदांत आज सुमारें १८५ वादक आहेत. तोच वृंद गेवांटहाउसमध्यें, शहराच्या संगीतनाट्यगृहांत आणि बाखच्या त्या देवळांतहि वाजवितो, आणि मोठी मैफल अजूनहि गुरुवारीं भरते.

आपल्याकडे हें सारें अगदींच परकें आहे काय? मेहली मेहता यांनीं १९३५ मध्यें मुंबईंत सिंफनीचा वृंद उभारला. त्यांचेच चिरंजीव झुबिन मेहता पुढें जगप्रसिद्ध संचालक झाले. गोव्याच्या देवळांलगतच्या शाळांत स्वरलिपि शिकलेल्या वादकांनीं मुंबईच्या चित्रपटसंगीतांतील वाद्यवृंद सांभाळले, हें तर आपण कळत-नकळत रोज ऐकतों. २००६ पासून नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रांत भारताचा सिंफनी वृंद आहे, आणि त्याच्याहि मैफलींचे हंगाम जाहीर होतात. पुण्यांत १९५३ पासून दर हिवाळ्यांत सवाई गंधर्वांच्या स्मृतीनें जो महोत्सव भरतो, त्याचें तिकीट काढून ठेवणारीं घराणीं आपल्या परिचयाचीं आहेत; त्यांचें आणि लाइपझिगच्या वर्गणीदारांचें गोत्र एकच म्हणावें लागेल.

तेव्हां येत्या हंगामाचें एखादें पत्रक, मग तें सिंफनीचें असो वा ख्यालगायनाचें, आपल्या हातीं आलें, तर तें जाहिरात म्हणून बाजूला टाकूं नये, एवढीच माझी विनंति. घरांतील एखाद्या मुलाला बरोबर घेऊन जावें. सिंफनीच्या दोन भागांच्या मध्यें टाळ्या वाजवीत नाहींत, हें त्याला आधीं सांगून ठेवावें. आणि घरीं परततांना, जमलें तर, लाइपझिगच्या त्या सोमवारची गोष्टहि सांगावी. माझ्या वर्गांतील मुलांना ती वेळेवर मिळाली नाहीं. आतां तीं पन्नाशीच्या घरांत आलीं असतील. त्यांपैकीं कोणी आज ऐकत असेल, तर मास्तरांचा तो तास आज पुरा झाला, असें त्यानें समजावें.